फळांचं तिकीट तपासणारे पंचूमामा

आमच्या शेजारी पंचूमामा राहतात. त्यांच्या गच्चीवर गेलात आणि एखादं फळ उचलून तोंडात टाकायला गेलात, की मागून खणखणीत आवाज येतो, "तिकीट?"

आपण दचकतो. फळ हातातच राहतं. मामा पुढे येतात, चष्मा कपाळावर ढकलतात, फळ आपल्या हातून काढून घेतात आणि उजेडाकडे धरून चारी बाजूंनी न्याहाळतात. अंगावर कागदासारखं टरफल असलं, ते वाळून गवताच्या रंगाचं झालं असलं, आतलं फळ पिवळंधमक असलं आणि मुख्य म्हणजे ते झाडावरून आपण होऊन खाली पडलेलं असलं, तर ते आपल्या तळहातावर परत ठेवून म्हणतात, "सरि. बसा." म्हणजे फळाला प्रवास करायची परवानगी मिळाली. आपल्या पोटात.

हे फळ म्हणजे आपली रानपोपटी. आमच्या साताऱ्याकडे बांधावर आपोआप उगवते, कुणी तिला चिरबोटीही म्हणतात. बाजारात रसभरी म्हणून जी भाव खाते तिची ही गरीब चुलतबहीण. इकडे तमिळमध्ये तिला सोडक्कु तक्काळी म्हणतात, म्हणजे टिचकीचा टोमॅटो, कारण पोरं तिचं फुगलेलं टरफल कपाळावर आपटून टप्पकन फोडतात. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत या झाडाला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. मामांनी त्याला रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावलं आणि गच्चीभर आरक्षण दिलं.

मामांचं पूर्ण नाव पंचापकेशराव. ते स्वतः हे नाव प्रत्येक अक्षर सुटं करून सांगतात, ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशनात गाडीची घोषणा चालली आहे. आयुष्यभर ते रेल्वेत टीटीआर होते. आपण ज्याला टीसी म्हणतो त्याला इकडे टीटीआर म्हणतात. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, कोट पेटीत गेला, पण टीटीआर काही रिटायर झाला नाही. देवळात गर्दी असली की मामा म्हणतात, "वेटिंग लिस्ट आहे." वीज गेली की, "सिग्नल नाही." मी लग्न होऊन इथे आले, त्यांच्या पाया पडले, तेव्हा आशीर्वादाआधी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सातार ते तंजावर, थेट गाडी नाही. कोठें कोठें बदलली?" मी सगळी स्टेशनं सांगितल्यावर ते प्रसन्न झाले आणि मग म्हणाले, "अष्टपुत्रा भव." तेव्हापासून मी त्यांची सातारम्मा.

पिढ्यांपूर्वी मराठी राजांबरोबर इकडे येऊन राहिलेल्या इथल्या लोकांचं मराठी ऐकून पहिले काही दिवस मला वाटायचं, घरात कुणीतरी पोथी वाचतंय आणि मध्येच कुणीतरी तमिळ बातम्या लावतंय. माझे यजमान माधव याच गल्लीत वाढलेले, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मी शाळेत गणित शिकवते, देवनागरीत लिहिते, म्हणून गल्लीत माझा जरा दरारा आहे. मामा सोडून.

आता सरसामामींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गच्ची समजणार नाही.

सरसामामी म्हणजे मामांच्या पत्नी. माहेर ओरत्तनाडूचं, जुन्या चत्रमाजवळचं, म्हणजे धर्मशाळेजवळचं. त्यांच्यासारखं नाक आणि जीभ मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. मधल्या भिंतीपलीकडून त्या मला हाक मारायच्या, "सातारम्मा, मिरी जळली गे तुझी!" मी धावत जाऊन पाहावं तर खरंच रसमची फोडणी काळी पडायला लागलेली असायची. एकदा मी हिंगाची कंपनी बदलली, तेही त्यांनी भिंतीपलीकडून ओळखलं.

सगळ्या मार्गावर लोकांना दंड करणारा हा माणूस घरात शिरला की विनातिकीट प्रवासी व्हायचा. मामांनी कॉफी केली तर मामी म्हणायच्या, "ही कॉफी नव्हे, भांडीं धुतलेलं पाणी." मामांनी बाजारातून वांगी आणली तर त्या एक हुंगून म्हणायच्या, "हीं कालचीं." मामा उखडायचे. आवाज चढायचे. मामी एकेक चूक काढायच्या, मामा एकेक नाकबूल करायचे, आणि शेवटी मामाच मुकाट्याने वांगी परत करायला निघायचे. माधव म्हणायचे की लहानपणी आम्हाला घड्याळ नव्हतं, मामा-मामींच्या भांडणावर आम्ही शाळेत जायचो.

मग साथीचा तो ताप आला. मामी त्यातून बऱ्या झाल्या, पण ताप जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. आम्हाला ते कसं कळलं सांगते. मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. मामींनी हिंगाचा डबा उघडला, आत नाक घातलं आणि मला विचारलं, "हा डबा रिकामा आहे कां गे?" डबा काठोकाठ भरलेला होता. मला इतक्या लांबून वास येत होता. मामींनी झाकण लावलं, डबा फळीवर जागच्या जागी ठेवला आणि भाताचं पाणी बघायला वळल्या.

स्वयंपाक तसाच चालू राहिला. हाताला माप माहीत होतं, मीठ कधी चुकलं नाही. पण मामी जेवणाबद्दल बोलायच्याच बंद झाल्या. मामा विचारायचे, "सांबार कसं आहे?" मामी म्हणायच्या, "तुम्हीच सांगा." मामांनी मुद्दाम पाणीदार कॉफी करून पाहिली, मामींनी ती शांतपणे पिऊन डबरा, म्हणजे कॉफीची पसरट वाटी, विसळून ठेवला. भिंतीपलीकडचं भांडण थांबलं. लोक म्हणतात भांडण थांबलं की घराला शांती मिळते. मला तरी त्या घराकडे पाहवत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं की येईल किंवा येणार नाही, खात्री नाही. ओळखीचे वास, ओळखीच्या चवी रोज देत राहा, लहानपणच्या असल्या तर उत्तम, आणि धीर सोडू नका. मामा दवाखान्यातून परत आले तेव्हा मी दारातच होते. मी विचारलं, "काय म्हणाले?" मामा म्हणाले, "गाडी लेट आहे. रद्द नाही."

त्या दिवशी त्यांनी मामींना विचारलं, जगातली अस्की, म्हणजे सगळी, चव गेली, त्यांतली एकच परत मिळणार असेल तर कोणती मागशील? मला वाटलं मामी पायसम म्हणतील, नाहीतर फिल्टर कॉफी. मामी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सोडक्कु तक्काळी. ओरत्तनाडूला बांधावर बसून खात होतों आम्ही. आंबट, गोड, शेवटीं थोडं कडू. तें."

झालं. टीटीआर कामावर रुजू झाले.

आडी महिना आला, म्हणजे आपला आषाढ. इकडे म्हण आहे की आडी शोधून पेर. मामांनी एका पिकून गळालेल्या फळाचा गर पेल्यात पाण्यात कुस्करला, जड बी तळाला बसलं ते सावलीत वाळवलं, करवंट्यांत पेरलं. रोपं बोटभर झाल्यावर बादल्यांना खाली भोकं पाडून त्यांत लावली. ही झाडं वर जात नाहीत, पाहुणीसारखी पाय पसरून बसतात. मामांनी त्यांच्याखाली आपल्या जुन्या वेष्ट्या, म्हणजे इकडची धोतरं, पसरल्या, पांढऱ्याशुभ्र, धुतलेल्या. मी विचारलं, "मामा, हे काय?" म्हणाले, "प्लॅटफॉर्म."

या फळाची रीत अशी की पिकलं की ते टरफलासकट आपोआप गळतं. तोडावं लागत नाही. मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याचा कायदाच करून टाकला. "स्टेशन आलं कीं उतरेल. साखळी ओढायची नाही." झाडावरच्या हिरव्या फळाला नुसतं बोट लावलं तरी मामा ओरडायचे, "साखळी! साखळी!" हिरवं फळ खाल्लं तर पोट बिघडतं, हे ते प्रत्येकाला सांगायचे. "अर्ध्या वाटेंत उतरवलेला प्रवासी तो. तुझ्या पोटांत जाऊन भांडण करील." संध्याकाळी स्टूल टाकून ते वेष्टीकडे बघत बसायचे. टप् असा बारीक आवाज झाला की म्हणायचे, "उतरला."

बाकीच्या फळांचंही त्यांनी पक्कं वर्गीकरण केलं होतं. मणत्तक्काळी नावाचं बारीक काळं फळ इकडे घरोघरी वत्तल, म्हणजे खारवलेलं वाळवण, करायला लागतं. त्याला टरफल नसतं. "बेस फळ आहे," मामा म्हणायचे, "पण त्याची गाडी वेगळी. एथें बसायचं नाही." आणि एक रोप त्यांच्या बादलीत आपोआपच उगवलं. पानं जाडसर, लवदार, फळाला टरफल तसंच, पण आत लालबुंद. इकडे त्याला अमुक्करा म्हणतात, आपली अश्वगंधा. दुसरा कुणी असता तर उपटून टाकलं असतं. मामांनी ते कोपऱ्यात वेगळं लावलं, त्याला लाल चिंधी बांधली आणि येणाऱ्या प्रत्येकाला नेऊन दाखवायला लागले, पोलीस चौकीत चोराचा फोटो लावतात तसं. "पाहून ठेवा. कोट आहे, पण दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास. वैद्यानं सांगितलं तर वैद्याकडे जाऊन घ्या. माझ्या गाडींत नाही."

मग परीक्षा सुरू झाल्या. गच्चीवर यायचं तर पान, फूल, टरफल आणि फळ, चारही ओळखून दाखवायची. एक जरी चुकलं तर खाली. मी गणिताची बाई, शेकडो पोरांना नापास केलेली, पहिल्या खेपेला मीच नापास झाले. फळाच्या देठाकडच्या एका खुणेत मी गडबडले. दुसऱ्या खेपेला पास झाले तेव्हा मामांनी माझ्या कपाळावर टरफल आपटून टप्पकन फोडलं. हे प्रमाणपत्र. माधव अजून वेटिंग लिस्टवर आहेत.

गल्लीत लोक हसायचे. पोस्टमन विचारायचा, "रायर, आज रिझर्व्हेशन मिळेल का?" इकडचे तमिळ लोक आपल्या लोकांना रायर म्हणतात. मीही हसायचे. एवढंसं रानफळ, शेतात पोरं सहज खातात, त्याचा केवढा बडेजाव! मी माधवना म्हणायचे, मामांच्या हाती देश दिला असता तर सीमेवर चिमणीला व्हिसा लागला असता.

रोज दिवेलागणीनंतर मात्र मी हसत नसे. मामी तिण्णैवर बसलेल्या असायच्या. मामा पितळेच्या छोट्या ताटलीत एकच फळ घेऊन यायचे, सगळ्यांत चांगलं, पूर्ण तपासलेलं. मामी टरफल उघडायच्या, हुंगायच्या, फळ तोंडात टाकायच्या आणि सावकाश चावायच्या. मामा त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे असायचे. मामी म्हणायच्या, "नाही." मामा म्हणायचे, "सरि," आणि ताटली उचलून आत जायचे. एवढंच. रोज.

मला एकदा राहवलं नाही. मामा आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, "मामी, एकदा नुसतं हो म्हणा ना. तेवढंच मामांना बरं वाटेल."

मामींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा एकदा नापास झाले. "आज खोटं सांगटलं," त्या म्हणाल्या, "तर खरं येईल त्या दिवशीं त्यांस कळेल कसं?"

फळं भरपूर येऊ लागली. टरफलासकट ती जाळीच्या पिशवीत, वाऱ्यावर टांगून ठेवली की महिना महिना टिकतात. मामांच्या घरात तुळईला पिशव्या लोंबू लागल्या. मग त्यांना टिकवण्याचं वेड लागलं. फळांना टाचणी टोचून, मिठाच्या ताकात भिजवून, उन्हात वाळवून त्यांनी वत्तल केले. ते तळून पहिल्यांदा मला चाखायला दिले. मामींना विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून घरातली जीभ म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी साताऱ्याची, मिरची-ठेच्यावर वाढलेली, पण त्या वत्तलातल्या मिठाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी विचारलं, "बेस?" मी मान हलवली. माझ्यात मामींचा प्रामाणिकपणा नाही.

आणि मग एके दिवशी सेतुमामा आले. सेतुमामा म्हणजे सरसामामींचे धाकटे भाऊ. ओरत्तनाडूला शेती करतात, मोठ्या मनाचा माणूस. बहिणीला सोडक्कु तक्काळीची आस लागली आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं. सकाळीच बांधावर जाऊन, हाताला येतील तेवढी फळं तोडून, टरफलं सोलून, वाटेत धुऊन, पिशवी भरून घेऊन आले. "आक्का, आपल्या बांधावरचीं!" मामींचा चेहरा इतका उजळला की काय सांगू. त्यांनी मूठभर फळं वाटीत घेतली, वाटी माझ्यापुढेही धरली आणि एक स्वतःच्या तोंडात टाकलं. मामा वर गच्चीवर होते.

मीही एक टाकलं. चावलं मात्र, तोंडात असं कडूजहर पसरलं की मी उठून थेट मोरीकडे पळाले. थुंकून, चूळ भरून परत येते तो काय, मामी शांतपणे चावत होत्या. भात चावावा तशा. वाटी निम्मी झाली होती. सेतुमामा कौतुकाने बघत होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की वाटीतली निम्मी फळं हिरवी आहेत, आणि मामींना कळायला काही मार्गच नाही.

"मामा!" मी ओरडले.

मामा त्या वयात जिना कसे उतरले ते त्यांचं त्यांना माहीत. वाटी पाहिली आणि त्यांनी मामींच्या तोंडापुढे हात धरला. "थुंक! सरसा, थुंक!" मी लग्न होऊन आल्यापासून मामांच्या तोंडून मामींचं नाव प्रथमच ऐकत होते. इकडची जुनी माणसं बायकोला नावाने हाक मारत नाहीत. मामी घाबरून थुंकल्या. मामांनी सेतुमामांकडे वळून जो तोफखाना सुरू केला, त्यात तिकीट नव्हतं, गाडी नव्हती, नुसता राग होता. सेतुमामा बिचारे म्हणत होते, "भावोजी, लहानपणीं आम्ही अस्कींच खात होतों." मामा म्हणाले, "लहानपणीं तिला कडू लागत होतं!"

डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलं. मामींच्या पोटात कळा आल्या, उलटी झाली आणि मग निवळल्या. दुसऱ्या दिवशी त्या हिंडूफिरू लागल्या. मी चौकशीला गेले तेव्हा मामा गच्चीवर वेष्ट्या झटकून पुन्हा पसरत होते. मी म्हटलं, "मामा, तुमच्या परीक्षांना मी उगाच हसत होते."

मामा वेष्टीची सुरकुती काढत म्हणाले, "सातारम्मा, तुझ्या तोंडांत कडू आलं, तूं थुंकलीस. तुझ्या गाडीला मागें गार्ड आहे. लाल बावटा दाखवतो, गाडी थांबते. हिच्या गाडीला गार्ड नाही. विष दिलं तरी ही बसून खाईल. मग गार्डाचं काम कोणी करायचं? मीच किनी?"

मी खाली वाकून त्यांच्याबरोबर वेष्टीची दुसरी बाजू धरली.

हंगाम संपत आला. बादल्यांतली झाडं पिवळी पडली, वेष्टीवर टप् आवाज क्वचित यायला लागला. रोजचं फळ चालू होतं, रोजचं "नाही"ही. मामांनी तुळईवरच्या साऱ्या पिशव्या उतरवल्या आणि जाहीर केलं की आता जाम करायचा, म्हणजे पुढच्या आडीपर्यंत सरसाच्या ताटलीत खंड पडणार नाही. एकदा तोंडातून निघाल्यावर मामींचं नाव मामांच्या तोंडी राहिलंच होतं.

मामींच्या स्वयंपाकघरात मामांना प्रवेश नव्हता. पूर्वी त्यांनी आत पाऊल टाकलं की मामी म्हणायच्या, "काय मोडायला आलांत?" या वेळी मामा दारात उभे राहून परवानगी मागायला लागले, तर मामी म्हणाल्या, "शिरा. काय करायचं तें करा. मज काय कळतं त्यांतलं?" त्या उठून मागच्या अंगणात विहिरीपाशी कपडे वाळत घालायला गेल्या.

मी मदतीला होते. फळांचे कोट काढले, त्यांना जो चिकटा असतो तो धुतला, मामांनी प्रत्येक फळ पुन्हा एकदा तपासलं. फळं कुस्करून साखर घातली, लिंबू पिळलं, मंद आचेवर पातेलं चढवलं. थेंब थंड ताटलीवर टाकायचा आणि बोटाने ढकलायचा, सुरकुती पडली की जाम झाला. मामा ढवळत होते. रंग सोन्यासारखा यायला लागला होता.

तेवढ्यात पुढच्या दारात सेतुमामा. हातात पिशवी. पण आत पाऊल टाकेनात. तिण्णैवरूनच म्हणाले, "भावोजी, आधीं तपासून घ्या."

पिशवीत प्रत्येक फळ टरफलासकट होतं. प्रत्येक वाळलेलं, प्रत्येक गळालेलं. सेतुमामांनी बांधावर जुनं धोतर पसरून ती गोळा केली होती. मामांना भरून आलं असावं, पण टीटीआरला ड्यूटीवर भरून येत नसतं. त्यांनी हातातला डाव माझ्याकडे देण्याऐवजी तसाच हातात ठेवला, तिण्णैवर बसले, पिशवी उलटी केली आणि म्हणाले, "तिकीट दाखवा." सेतुमामा एकेक फळ पुढे करू लागले. मीही पाहायला बाहेर गेले. ही परीक्षा सोडायची नव्हती. सेतुमामा शाळेतल्या पोरासारखे घाम पुसत उत्तरं देत होते. मामा एकेक फळ बाजूला ठेवत म्हणत होते, "सरि. सरि. हा सरि." शेवटी शेवटी तर मलाही वाटायला लागलं की यांच्या कपाळावर टरफल फुटणार.

तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला.

"ऐकलांत कां! काय करपतंय तें?"

मामांच्या हातात फळ होतं, ते तसंच राहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही तिघंही पुढच्या तिण्णैवर होतो, वारा उलटा होता, आमच्यापैकी कुणालाही काही वास आला नव्हता.

"काय म्हटलंस?" मामा म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की तो माजघरापर्यंतही पोचला नसेल.

"करपतंय म्हटलं!" मामी आता माजघरात आल्या होत्या, खांद्यावर ओली साडी तशीच. "साखर लागलीय खालीं! अस्कं घर भरलंय, आणि तुम्ही तिघं बाहेर बसून काय करतां?"

मी आत धावले. खरंच, पातेल्यातून काळा धूर निघत होता. मी गॅस बंद केला. मागून मामी आल्या, त्यांच्या पाठोपाठ मामा; मामींनी मामांच्या हातातला डाव ओढून घेतला, पातेल्यातला जाम टोकावर घेऊन जिभेला लावला आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. असं तोंड मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"कडू!" त्या म्हणाल्या. "जळकं, कडू! कोणी सांगटलं होतं तुम्हांस स्वैंपाकघरांत शिरायला? जन्मभर गाड्या पाहिल्या, एक पातेलं पाहवेना? एवढीं फळं, एवढी साखर, अस्कं वायां—" आणि बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. आपण काय बोलतो आहोत ते त्यांच्या त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी डावाकडे पाहिलं, पुन्हा एकदा जिभेला लावला.

मामा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. नाकबुली नाही, वाद नाही. "पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"काय पुन्हा म्हण?"

"काय आहे तें, पुन्हा म्हण."

"जळकं आहे!" मामी ओरडल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. मामा खाली जमिनीवरच बसले. सेतुमामांना काही कळेना, ते हातात पिशवी घेऊन मला विचारत होते, "फळं पास झालीं कां?" मी त्यांच्याच पिशवीतलं एक टरफल घेतलं, त्यांच्या कपाळावर आपटून टप्पकन फोडलं आणि स्वतःच रडायला लागले.

थोड्या वेळाने सगळे शांत झाल्यावर मी पातेलं मोरीत न्यायला उचललं, तर मामांनी हात आडवा केला. "नोको. टाकायचं नाही. गाडी ह्याच प्लॅटफॉर्मवर आली." त्यांनी तो काळाकुट्ट गोळा खरवडून एका बरणीत भरला.

मामींचं सगळं काही परत आलेलं नाही. कॉफी थोडी कळते, हिंग जरा जास्त कळतो, मीठ अजून बाहेरच्या सिग्नलला उभं आहे. दिवेलागणीचं फळ चालूच आहे. परवा मामी म्हणाल्या, "आंबट असावं." मामा म्हणाले, "असावं नको, आहे तेव्हां सांग." माझ्या फोडणीबद्दल भिंतीपलीकडून अजून हाक येत नाही. मी मात्र मधूनमधून मोहरी मुद्दाम जरा जास्त तडतडू देते.

बरणी त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्या फळीवर, हिंगाच्या डब्याशेजारी आहे. मामी रोज सकाळी म्हणतात, "टाकून द्या हो तें." मामा झाकण उघडून बरणी त्यांच्या नाकापुढे धरतात आणि विचारतात, "काय आहे तें?"

"जळकं!" मामी खेकसतात.

मामा झाकण लावतात, बरणी जागच्या जागी ठेवतात आणि खूश होऊन कॉफी प्यायला बसतात.